खोकं, फोन नंबर आणि चार वेळा केलेलं कन्फेशन

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी त्याचा गोषवारा देतो. तीन वर्षांपूर्वी एक नातं तुटलं. त्यात जे चुकलं त्याचं तुम्ही कन्फेशन केलंत, म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली दिलीत, क्षमा मिळाली, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि रोजची जपमाळ पुन्हा सुरू झाली. दरम्यान त्या माणसाचं लग्नही झालं. पण प्रार्थनेला बसलं की पाचव्या मिनिटाला तो हजर. त्याची पत्रं आणि फोटो कपाटाच्या वरच्या कप्प्यात एका खोक्यात आहेत, नंबर फोनमध्ये आहे. एका प्रार्थनासभेत कुणीतरी सांगितलं की आठवण येते म्हणजे पापाची मुळं अजून आत आहेत, पुन्हा कन्फेशन करा. त्यामुळे तेच पाप तुम्ही एकूण चार वेळा सांगून आलात. आता विचारताय: माझं कन्फेशन लागू झालं नाही का? आणि ते खोकं जाळून टाकू का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून आधी तेच. क्षमा पहिल्याच वेळी झाली. तुम्ही खरा पश्चात्ताप घेऊन गेला होतात, काही लपवलं नव्हतंत, फादरांनी पापक्षमेचे शब्द उच्चारले. विषय तिथे संपला. नंतरच्या तीन खेपांना तुम्ही क्षमा मागत नव्हता, क्षमेची पावती मागत होता. यात तुम्ही एकट्या नाही. येशूसंघ (जेझुइट) या धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसाला हेच करत होते. त्याआधी मोन्सेरातच्या मठात त्यांनी तीन दिवस घालवून, सगळं लिहून काढून, आयुष्यभराचं कन्फेशन केलं होतं. तरी काहीतरी राहिलं, नीट सांगितलं गेलं नाही, ही शंका पाठ सोडेना. फादर म्हणाले, मागचं अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग. पण त्यांना सगळंच स्पष्ट वाटायचं! त्रास इतका वाढला की जीव द्यावा असं मनात येऊ लागलं. शेवटी ही शंका कुठून येते आणि आपल्याला कुठे नेते याकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि मागच्या पापांतलं काहीही पुन्हा सांगायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. तुम्हीही ठरवा. हा सल्ला नाही, मी थोडं दटावूनच सांगतोय.

मग क्षमा झाली तर ओढ का उरली? ख्रिस्तसभेने हे कधी लपवलेलं नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात परिच्छेद १४५९ मध्ये स्पष्ट म्हटलंय की पापक्षमेने पाप जातं, पण पापाने जी मोडतोड केली ती सगळी त्याच क्षणी दुरुस्त होत नाही. पापातून उठलेल्याला प्रकृती सुधारायची असते. पुढे १४७२ मध्ये म्हटलंय की प्रत्येक पाप, अगदी लहानसुद्धा, आपल्यामागे देवाने निर्माण केलेल्या वस्तूंची आणि माणसांची एक अस्वस्थ आसक्ती ठेवून जातं, आणि तिची शुद्धी इथे तरी व्हावी लागते नाहीतर मरणानंतर शुद्धिस्थानात. पाम्प्लोनाच्या लढाईत १५२१ साली तोफगोळ्याने मोडलेला इग्नेशियसचा पाय बरा झाला, पण लंगडणं जन्मभर राहिलं. लंगडतोय म्हणजे हाड जुळलंच नाही, असं कुणी म्हणत नाही.

आता खरा प्रश्न. तुम्ही पत्रात ‘आठवण’ आणि ‘आसक्ती’ हे शब्द एकाच अर्थाने वापरलेत. तिथेच गाठ बसलीय.

संत ऑगस्टीन यांचं उदाहरण घेऊ. ज्या स्त्रीसोबत ते कित्येक वर्षं राहिले, जिच्यापासून त्यांना मुलगा झाला, ती त्यांच्यापासून वेगळी केली गेली. आत्मकथनात त्यांनी तिचं नाव एकदाही लिहिलं नाही, पण हृदय तिला चिकटलेलं होतं, ते फाटलं आणि रक्ताचा माग सोडत राहिलं, असं लिहिलं. बाप्तिस्मा झाला ३८७ साली. हे लिहिलं सुमारे दहा-बारा वर्षांनी, तेव्हा ते बिशप होते. त्याच पुस्तकाच्या दहाव्या भागात ते देवाला सांगतात की जुन्या सवयींची चित्रं अजून माझ्या स्मृतीत जिवंत आहेत. जागेपणी त्यांत जोर नसतो, पण झोपेत ती येतात. हा माणूस संत आहे, ख्रिस्तसभेचा आचार्य आहे. चित्रं येतात एवढ्यावरून त्यांना कुणी पुन्हा कन्फेशनला पाठवलं नाही.

आठवण आपल्या परवानगीने येत नाही. परवानगी लागते ती तिला बसायला खुर्ची देण्यासाठी. आसक्ती म्हणजे ती खुर्ची. मनाच्या एका कोपऱ्यात तुम्ही एक जागा राखून ठेवलीय, आणि देवाला घरभर फिरू देताना तेवढ्या खोलीला कडी आहे. त्या जागेवर कोण बसलंय यापेक्षा ती कुणासाठी, कुठल्या आशेवर राखलीय, हे पाहावं लागतं.

हे ओळखायचं कसं? रिट्रीटमध्ये (प्रार्थनेसाठी काढलेल्या एकांताच्या दिवसांत) लोक मला हे विचारतात तेव्हा मी भावनांबद्दल फार विचारत नाही, कारण भावनांबद्दल आपण सगळेच बरं बोलतो. मी विचारतो, दमून घरी आल्यावर, कुणी पाहत नसताना, बोट फोनवर कुठे जातं? त्या माणसाची चांगली बातमी ऐकली तर छातीत काय होतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणालाच सांगितलेलं नाही असं यातलं काय आहे? इग्नेशियस यांनी विवेकाच्या (मनातल्या प्रेरणा पारखण्याच्या) नियमांत लिहिलंय की शत्रू, म्हणजे सैतान, चोरट्या प्रियकरासारखा वागतो: आपलं बोलणं गुप्त राहावं, मुलीच्या वडिलांपर्यंत किंवा नवऱ्यापर्यंत जाऊ नये, एवढीच त्याची धडपड असते. जाणत्या माणसापुढे ते उघड झालं की त्याचा डाव संपतो. तुमच्या पत्रात खोक्याबद्दल पाच ओळी आहेत, नंबरबद्दल अर्धी. मला तुमची काळजी त्या अर्ध्या ओळीवरून वाटली.

इग्नेशियस यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात एक मनन आहे, आणि तुमच्या प्रश्नासाठी त्याहून नेमकं दुसरं काही मला माहीत नाही. तीन प्रकारची माणसं डोळ्यांपुढे आणायची. प्रत्येकाला दहा हजार डुकाट, म्हणजे तेव्हाची सोन्याची नाणी, मिळालेत. चोरीचे नाहीत, पण निव्वळ देवाच्या प्रेमापोटी मिळवलेलेही नाहीत, आणि त्या पैशात जीव अडकल्यामुळे तिघांनाही चैन नाही. पहिल्याला आसक्ती सुटावी असं वाटतं, पण मरणाची घटका येईपर्यंत तो त्यासाठी काहीच करत नाही. दुसऱ्यालाही आसक्ती सुटायला हवीय, पण पैसे राहून. म्हणजे आपण जिथे उभे आहोत तिथे देवाने यावं अशी त्याची योजना. तिसरा आसक्ती अशी सोडतो की पैसे ठेवावेत की द्यावेत याचा निकाल तो देवावर सोपवतो. देवाच्या सेवेला जे जास्त बरं ते करायचं, आणि तोवर मनाने सगळं सोडलंय असं समजून चालायचं.

पहिला प्रकार ओळखू येतो, तिसरा विरळा. आपण बहुतेक सगळे दुसऱ्यात मोडतो, आणि हा दुसरा माणूस फार धार्मिक असतो हो. तो नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करतो, उपास करतो, चार वेळा कन्फेशनला जातो. फक्त मूळ वस्तूला हात लावत नाही. तो जे जे करतो ते खरंच कष्टाचं असतं, आणि म्हणूनच आपण काहीच केलेलं नाही हे त्याच्या लक्षात येत नाही.

हे मी वरून पाहून लिहीत नाही. माझ्या पहिल्या धर्मग्रामातून सात वर्षांनी बदली झाली. बिशपांचं पत्र आलं, मी आनंदाने होकार दिला, निरोपाच्या मिस्सेत त्यागावर बऱ्यापैकी प्रवचनही दिलं. पण तिथल्या गायनमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मी बाहेर पडलो नाही, त्याचा आवाज फक्त बंद केला. रोज रात्री, झोपण्याआधीची प्रार्थना म्हणायच्या आधी, एक फेरी तिकडे. कोण गातंय, कोण रुसलंय, नवे फादर काय बदलतायत. एकदा कळलं की मी सुरू केलेली युवकांची शुक्रवारची प्रार्थना बंद पडली. मला वाईट वाटलं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला बरं वाटलं होतं. माझ्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना हे सांगायला मला अर्धं वर्ष लागलं. वयस्कर फादर होते, ऐकून बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “तुला त्या लोकांची आठवण येते, की त्या लोकांमध्ये जो तू होतास त्याची?” मी उत्तर दिलं नाही. ग्रुपमधून बाहेर पडायला त्यानंतरही अकरा दिवस लागले. बटण दाबायला एक सेकंद लागतो.

तो प्रश्न मी तुम्हाला जसाच्या तसा देतो. पत्रात तुम्ही त्या माणसाबद्दल फार थोडं लिहिलंय. त्याचा स्वभाव, त्याचं हसणं, काहीच नाही. लिहिलंय ते तेव्हाच्या तुमच्याबद्दल: “तेव्हा मी गात होते, हसत होते, कुणालातरी हवी होते.” ती मुलगी देवाला नकोय असं तुम्ही धरून चाललात आणि त्या माणसासोबत तिलाही खोक्यात बंद केलंत. मग ती आतून दार वाजवणारच. गाणं पाप नव्हतं. ते परत घ्या, आजच.

आता खोकं. ताबडतोब जाळू नका. जाळण्यात मला वावगं काहीच दिसत नाही. बायबलमध्ये एलीया या संदेष्ट्याच्या मागे शिष्य म्हणून निघताना अलीशाने आपले बैल कापले आणि औतांच्या लाकडावर ते शिजवून लोकांना जेवू घातलं. परतीचं साधनच ठेवलं नाही. कार्मेलाइट साधू संत जॉन ऑफ द क्रॉस आपल्या सहकारी अविलाच्या संत तेरेजा यांची पत्रं एका पिशवीत जपून नेत असत आणि एके दिवशी, हे ओझं तरी कशाला, म्हणून त्यांनी ती जाळून टाकली, अशी हकिकत त्यांच्या चरित्रात येते. त्या पत्रांत पाप नव्हतं. एका संताने दुसऱ्याला लिहिलेली ती पत्रं. पण जॉन यांनीच लिहून ठेवलंय की पक्षी जाड दोराने बांधलेला असो की बारीक धाग्याने, तो तुटेपर्यंत उडणं नाही.

तरीही थांबा म्हणतो, कारण भरात केलेल्या त्यागात आपण मुख्यतः स्वतःकडेच पाहत असतो. इग्नेशियस यांनी मोन्सेरातला २४ मार्च १५२२ च्या रात्री आपले उंची कपडे एका भिकाऱ्याला देऊन टाकले, गोणपाट अंगावर चढवलं, तलवार मरियेच्या वेदीपाशी ठेवली आणि रात्रभर जागरण केलं. सुंदर प्रसंग आहे, चित्रकारांना आवडतो. दुसऱ्या दिवशी एक माणूस धावत मागे आला: तुम्ही खरंच त्या भिकाऱ्याला कपडे दिलेत का? लोकांनी त्या बिचाऱ्याला चोर समजून धरलं होतं. इग्नेशियस यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सोडणाऱ्याने सोडलं, निस्तरावं लागलं दुसऱ्याला. म्हणून खोकं उघडण्याआधी एवढं पाहा: त्यात परत करायचं असं काही आहे का? कुणाचे पैसे, कागदपत्रं, घरातली एखादी वस्तू? न्यायाचा भाग आधी, तोही शक्यतो तिसऱ्या माणसाकरवी. त्या निमित्ताने “एकदा भेटून बोलू” असा निरोप पाठवायचा नाही.

आणि मन खिन्न असताना, प्रार्थना कोरडी पडलेली असताना निर्णय घेऊ नका. खिन्नतेत आधीचा निश्चय बदलायचा नाही हा इग्नेशियस यांचा नियम आहे, आणि मी तो नव्या निश्चयांनाही लावतो. साधारण बरा दिवस निवडा. त्याआधी दोन आठवडे एकच प्रार्थना करा, आणि ती मनाच्या उलट दिशेने असू द्या. “प्रभो, मला हे सोडायची शक्ती दे” असं मागू नका. ती प्रार्थना आपण वर्षानुवर्षं करू शकतो. “प्रभो, हे माझ्याकडून घे” असं मागा, मन ‘नको’ म्हणत असतानाही. ओढ जिकडे असेल त्याच्या विरुद्ध मागणं मागावं, ही सूचना त्या तीन माणसांच्या मननालाच जोडलेली आहे. पहिले चार-पाच दिवस तुम्हाला आपण खोटं बोलतोय असं वाटेल. वाटू द्या.

अविलाच्या तेरेजा यांच्या बाबतीत काय झालं ते माहीत असावं. काही मैत्र्या सुटत नव्हत्या. त्यांत देवाचा अपमान नाही, उलट सोडणं हाच कृतघ्नपणा होईल, असा त्यांचा युक्तिवाद. कन्फेशन ऐकणाऱ्या येशूसंघीय फादरांनी वाद घातला नाही. काही दिवस हे देवापुढे ठेवा आणि पवित्र आत्म्याला बोलावणारं ‘वेनी क्रियातोर’ हे स्तोत्र म्हणा, एवढंच सांगितलं. एके दिवशी ते स्तोत्र सुरू केलं असताना त्यांना आतून शब्द ऐकू आले, की यापुढे तू माणसांशी नव्हे, देवदूतांशी बोलावंस. वर्षानुवर्षं जे आपल्या बळाने जमलं नव्हतं ते त्या क्षणी झालं, असं त्या आत्मचरित्राच्या २४ व्या प्रकरणात लिहितात. तुम्हाला शब्द ऐकू येतील असं माझं म्हणणं नाही. त्या फादरांनी घाई केली नाही आणि सूटही दिली नाही, हे मला शिकण्यासारखं वाटतं.

दोन आठवड्यांनी खोक्यातलं न वाचता द्यायचं, जाळायचं किंवा फाडायचं. ‘न वाचता’ हा शब्द महत्त्वाचा आहे. “शेवटचं एकदा” म्हणून वाचायला बसलेल्यांची रात्र कशी जाते हे मी पुरेसं ऐकलंय.

नंबरला मात्र दोन आठवडे नाहीत. तो आज काढा. खोकं भूतकाळात उघडतं, नंबर एका विवाहित माणसाच्या आजच्या दिवसात उघडतो. त्याच्या बायकोचे फोटो बघणंही त्याच खात्यात धरा, पत्रात तुम्ही ते कंसात लिहिलं असलं तरी. पाठ असलेला नंबर पुसून काय उपयोग, असंही लोक म्हणतात. उपयोग असतो. आकडे एकेक करून दाबताना थांबायला दहा संधी मिळतात.

प्रार्थनेत तो आला तर? हाकलू नका. हाकलायला उठलात की त्याच्याशीच बोलणं सुरू होतं. “प्रभो, हा बघ पुन्हा आला, हा तुझा आहे,” असं एका वाक्यात म्हणा आणि जपमाळेच्या ज्या मण्यावर होतात तिथे परत या. धर्मशिकवणीच्या त्याच ग्रंथात परिच्छेद २८४३ मध्ये दुखावलेल्या मनाबद्दल म्हटलंय की दुखावणं न जाणवणं किंवा विसरणं आपल्या हातात नाही, पण पवित्र आत्म्याला वाहिलेलं हृदय त्या जखमेचं रूपांतर दुसऱ्यासाठी केलेल्या विनवणीत करतं. ते क्षमेबद्दल आहे, पण इथेही लागू पडतं. फक्त एक धोका आहे आणि तो पुस्तकांत सहसा सापडत नाही. “मी रोज रात्री त्याच्यासाठी वीस मिनिटं प्रार्थना करते,” असं जेव्हा कुणी मला सांगतं, तेव्हा मी विचारतो, त्याच्या बायकोसाठी किती मिनिटं? प्रार्थनेच्या नावाखाली रोजची भेट चालू ठेवता येते. त्याच्यासाठी एक वाक्य, त्यात त्याचं कुटुंब आलंच पाहिजे, आणि मग पुढे.

एक गोष्ट मात्र वेगळी काढतो. एखाद्या नात्यात मारहाण, जबरदस्ती, छळ झाला असेल आणि त्या आठवणी अंगावर येत असतील, तर त्याला आसक्ती म्हणू नये. तिथे ‘सोडून दे’ हा सल्ला क्रूर ठरतो. आधी सुरक्षितता, मग समुपदेशक किंवा डॉक्टर, आणि सोबत प्रार्थना. तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही. असेल तर कळवा, मी हे उत्तर बदलेन.

खोकं गेल्यावर काही दिवस मोकळं वाटेल आणि मग तो कप्पा रिकामा दिसू लागेल. लूकच्या शुभवर्तमानात झाडून-सजवून ठेवलेल्या घराची गोष्ट आहे. बाहेर गेलेला आत्मा परत येतो तेव्हा स्वतःहून वाईट असे आणखी सात घेऊन येतो. घर झाडलेलं होतं, पण कुणी राहत नव्हतं. रिकाम्या संध्याकाळी तुमच्यासाठी जास्त धोक्याच्या आहेत, पहाटेची प्रार्थना नाही. गायनमंडळात जा असं मी सुचवणार होतो, पण तुम्ही गात होतात हे वाचल्यावर सुचवण्याची गरज वाटत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या आजारी किंवा एकट्या माणसाकडे द्या, आणि हे सगळं ज्यांना मोकळेपणी सांगता येईल असे एक फादर किंवा सिस्टर महिन्यातून एकदा भेटतील असं बघा. कन्फेशन वेगळं आणि ही भेट वेगळी.

खोक्याचं काय केलंत ते मला कळवायची गरज नाही. पुढच्या कन्फेशनला जाल तेव्हा फक्त गेल्या महिन्याबद्दल बोला.